पहिल्या वेताची मेंढी आणि दयेचा एक अंश

अरबी भाषेत गर्भाशयाला ‘रहिम’ आणि दयेला ‘रहमत’ म्हणतात. दोन्ही शब्द एकाच धातूपासून निघाले आहेत. प्रत्येक कामाच्या आरंभी आपण अल्लाहची जी दोन नावे उच्चारतो, ती ‘रहमान’ व ‘रहीम’ ही नावेही त्याच धातूची आहेत. माता आणि दया यांची गाठ अशी भाषेतच बांधलेली आहे. त्यामुळे आपल्या समाजात एक समजूत खोलवर रुजली आहे : बाळ जन्मले की आईच्या हृदयात ममता आपोआप उमलते, आणि जिच्या हृदयात ती उमलली नाही, तिच्या ईमानात किंवा स्वभावात काही तरी उणे असले पाहिजे.

या समजुतीचा पूर्वार्ध पुष्कळदा खरा ठरतो. उत्तरार्ध मात्र कित्येक घरांत एका तरुण मुलीवर, तिच्या आयुष्यातील अत्यंत नाजूक दिवसांत, अन्याय करून जातो. म्हणून हा प्रश्न शांतपणे विचारला पाहिजे. ममता ही देणगी आहे की कर्तव्य? ती देणगी असेल, तर जिला ती वेळेवर लाभली नाही तिला दोष कसा द्यावा? आणि ते कर्तव्य असेल, तर केवळ भावना उचंबळून आली म्हणून सवाब कशाचा मिळावा?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना एका मुक्या प्राण्याकडे वळणे काहींना विचित्र वाटेल. परंतु ही वाट प्रेषित मुहम्मद (स.) यांनीच दाखवली आहे. सहीह बुखारी व सहीह मुस्लिममधील एका हदीसचा आशय असा की, अल्लाहने दयेचे शंभर अंश केले, नव्व्याण्णव आपल्यापाशी ठेवले आणि एकच अंश पृथ्वीवर उतरवला. सारी सृष्टी एकमेकांवर जी दया करते ती त्या एका अंशातून. इतकी की आपल्या पिलावर पाय पडू नये म्हणून जनावर आपला खूर उचलून धरते, तेही त्यातूनच. दयेचे उदाहरण देताना प्रेषितांनी येथे एखाद्या तपस्व्याचे नाव घेतले नाही. जनावराच्या उचललेल्या खुराकडे बोट दाखवले. तेव्हा आपणही त्या दिशेने पाहू.

मेंढी माता कशी होते

पावसाळा सरला की माणदेश, फलटण या कोरड्या मुलखांतील धनगर बांधव आपले कळप घेऊन कोकणाकडे उतरतात. वाटेवर मेंढ्या वितात आणि नवजात कोकरे मेंढपाळाच्या कडेवर किंवा घोड्याच्या पाठीवर पुढचा प्रवास करतात. या लोकांना एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. अनेक वेतांची मेंढी विली तर फारशी काळजी करावी लागत नाही. पहिल्या वेताच्या मेंढीवर मात्र डोळा ठेवावा लागतो. ती कधी आपल्याच कोकराला पाहून बिचकते, मागे सरते. कोकरू कासेकडे आले की गोल फिरते. प्रसंगी डोक्याने ढकलून देते. पाच महिने पोटात वाढवलेला जीव तिला परका वाटतो.

असे का होते, याचा अभ्यास फ्रान्स, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बारकाईने केला. त्यांना आढळले ते असे. एरवी मेंढीला गर्भजलाचा वास नकोसा असतो. त्या वासापासून ती दूर जाते. विण्याच्या वेळी मात्र हीच नावड अचानक ओढीत पालटते. ती ओल्या कोकराला चाटू लागते, चाटता चाटता खालच्या सुरात, तोंड जवळजवळ मिटून, एक विशिष्ट हुंकार काढते आणि सुमारे दोन तासांत त्याचा गंध तिच्या मनात पक्का बसतो. त्यानंतर ती त्याच कोकराला पाजते. दुसरे कोणी कासेला आले तर धडक देऊन हाकलते.

हा पालट घडवून आणतो तो प्रसूतीचा ताणच. कोकरू बाहेर येताना गर्भमार्गावर जो दाब पडतो, त्याची वार्ता मज्जारज्जूतून मेंदूकडे जाते आणि मेंदूत ऑक्सिटोसिन नावाचे द्रव्य पाझरू लागते. 1983 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका महत्त्वाच्या प्रयोगात गाभण नसलेल्या मेंढ्यांना आधी संप्रेरके देऊन नंतर असाच दाब कृत्रिम रीतीने निर्माण केला, तेव्हा त्यांनीही काही मिनिटांत नवजात कोकराला जवळ केले. पुढे 1987 मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी ऑक्सिटोसिन थेट मेंदूत पोहोचवून तसाच परिणाम घडवून दाखवला. याउलट प्रसूतीच्या वेळी कमरेखालील संवेदना बधिर केल्या, तर ममतेचे वर्तन खुंटते. आणि त्याचा फटका पहिल्या वेताच्या मेंढीला सर्वांत अधिक बसतो.

आणखी एक प्रयोग मनाला चटका लावणारा आहे. नुकतेच जन्मलेले कोकरू धुऊन, त्याच्या अंगावरचे गर्भजल काढून टाकून, ते आईपुढे ठेवण्यात आले. अनुभवी मेंढ्यांनी त्याला चाटले कमी, पण स्वीकारले. पहिल्या वेताच्या मेंढ्यांनी मात्र अशा कोकरांना बहुधा दूरच लोटले. अनुभवी आईला त्या ओल्या गंधावाचूनही वाट सापडते, कारण ती वाट ती एकदा चालून गेलेली असते. नवख्या आईला तोच एक आधार असतो. तो काढून घेतला की ती हरवते. मेंढी गाभण असताना तिला पुरेसा चारा मिळाला नसेल, तरीही ती कोकराला चाटण्यात कमी वेळ देते. विण्याच्या जागी तिला वारंवार डिवचले, तर ती जागाच सोडून जाते आणि कोकरू मागे राहते.

कारणे कळली म्हणून देणगी नाहीशी होते काय?

हे वाचून एखादा तरुण वाचक म्हणेल : मौलाना, मग ममता म्हणजे द्रव्यांचा आणि गंधांचा खेळ एवढेच ना? त्यात अल्लाहची रहमत कोठे राहिली?

सूरह ताहामध्ये फिरऔन ह. मूसा (अ.) यांना विचारतो की तुमचा पालनकर्ता कोण. त्यावर त्यांच्या उत्तराचा आशय असा आहे : ज्याने प्रत्येक वस्तूला तिची घडण दिली आणि मग तिला मार्ग दाखवला, तोच. आधी घडण, मग मार्गदर्शन. सूरह नहलमध्ये मधमाशीला घर बांधण्याची प्रेरणा दिल्याचा उल्लेख आहे, तोही याच प्रकारचा. मधमाशीच्या शरीरातील रचना जाणून घेतल्याने ती प्रेरणा खोटी ठरत नाही. पाऊस ढगातून पडतो हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते, तरी आपण पावसाला रहमत म्हणतो. तसेच दयेचा तो एक अंश पृथ्वीवर उतरला, तो गर्भजलाच्या ओलाव्यातून, विण्याच्या कळांतून आणि जिभेच्या स्पर्शातून उतरला, असे म्हणण्यात श्रद्धेला बाधा येत नाही.

उलट त्यातून आपल्यावर एक जबाबदारी येते. देणगी कारणांच्या वाटेने येत असेल, तर ती वाट मोकळी ठेवणे हे माणसांचे काम आहे. उंट मोकळा सोडून अल्लाहवर विसंबू की बांधून विसंबू, असे एकाने विचारले, तेव्हा प्रेषितांनी आधी बांधण्यास आणि मग विसंबण्यास सांगितले. ही तिर्मिझीतील हदीस आपणांस परिचित आहे. ममतेच्या बाबतीत आपण नेमके उलटे करतो. वाट अडवून ठेवतो आणि देणगी का आली नाही म्हणून जिला ती मिळायची होती तिलाच जाब विचारतो.

मेंढपाळाचे शहाणपण

पहिल्या वेताची मेंढी कोकराला लोटू लागली, तर जाणता मेंढपाळ काय करतो? तो तिला मारत नाही, निर्दयही म्हणत नाही. तिला कळपाच्या गलक्यातून बाजूला घेतो, कोकरासह एका आडोशाला ठेवतो. कोकराच्या अंगावरचा ओलावा घाईने पुसून टाकत नाही. तिच्या नाकापाशी नेतो. तिला धरून उभी करतो आणि कोकराच्या तोंडात आचळ देतो, कारण मेंढीच्या पिलाला आईच्या पोटात असताना रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत. ती चिकातूनच मिळतात आणि तो चीक पहिल्या काही तासांत पोटात जावा लागतो. मेंढीला पाणी पाजतो, चारा देतो. मग थांबतो. पुष्कळदा काही काळाने तो खालचा हुंकार ऐकू येतो.

सहीह बुखारीत आले आहे की, ज्याने मेंढरे चारली नाहीत असा एकही प्रेषित झाला नाही, स्वतः प्रेषित मुहम्मद (स.) यांनीही मक्केच्या लोकांची मेंढरे मोबदला घेऊन चारली होती. विद्वानांनी याचे मर्म असे सांगितले आहे की दुबळ्यांना सांभाळण्याचा, भरकटलेल्यांना ओरडा न करता परत आणण्याचा धीर मेंढरांमागे चालूनच अंगी येतो. आता आपल्या घरात काय घडते ते पाहू.

आपली पहिलटकरीण

मशिदीतील जबाबदारीमुळे कौटुंबिक प्रश्न कानांवर येतात. त्यांतला एक प्रकार असा : “हजरत, सुनेला लेकराची माया नाही. बाळ रडते आणि ही भिंतीकडे पाहत बसते. काही पढून द्या.” काही जणांना नजरेची शंका असते, काहींना जिन्नाची, तर काहींना सुनेच्या माहेरच्या संस्काराची. त्या मुलीच्या वाट्याला प्रसूतीपासून एक रात्र तरी सलग झोप आली का, तिला पोटभर आणि वेळेवर जेवण मिळते का, मुलगी झाली म्हणून कोणी तोंड वाकडे केले का, हे बहुधा कोणी विचारलेले नसते.

सूरह मरियममध्ये प्रसूतीचे जे वर्णन आहे, ते या प्रसंगी पुन्हा वाचावे. ह. मरियम (अ.) यांचे स्थान आपल्या श्रद्धेत किती उंच आहे हे सांगायला नको. पहिल्याच बाळंतपणाच्या कळा त्यांना खजुरीच्या बुंध्यापाशी घेऊन आल्या, तेव्हा त्यांच्या मुखातून असे उद्गार निघाले की याआधीच आपण मरून गेलो असतो आणि विस्मृतीत गेलो असतो तर बरे झाले असते. इतक्या पवित्र स्त्रीच्या मुखी हे शब्द आले आणि कुरआनने ते लपवले नाहीत. त्यावर उत्तर काय आले? फटकार आली नाही. दुःख करू नकोस, तुझ्या पायथ्याशी झरा आहे, बुंधा हलव, ताजे खजूर पडतील. खा, पी आणि डोळे निववून घे, असा दिलासा आला. शिवाय लोक विचारू लागले तर त्यांच्याशी न बोलण्याची मुभा मिळाली. पाणी, अन्न, विसावा आणि लोकांच्या प्रश्नांपासून सुटका, एवढे पहिलटकरणीला अल्लाहकडून मिळाले. आपल्या घरी बाळंतिणीला यांपैकी काय मिळते, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

सूरह कससमध्ये ह. मूसा (अ.) यांच्या मातेचे हृदय रिते झाल्याचे सांगितले आहे आणि अल्लाहने ते बळकट केले नसते तर ती धीर सोडून बसली असती, असेही म्हटले आहे. आईच्या हृदयालाही आधाराची गरज पडते, याची ही साक्ष आहे.

शरीअतचा एक हुकूम आपण नित्य पाळतो, पण त्यातील इशारा ध्यानात घेत नाही. प्रसूतीनंतरच्या निफासच्या काळात स्त्रीला नमाज माफ आहे आणि तिची कजाही नाही. हनफी मतानुसार हा काळ जास्तीत जास्त 40 दिवसांचा आणि कोकणातील आपले बहुसंख्य बांधव ज्या शाफई मताचे अनुयायी आहेत त्यानुसार 60 दिवसांपर्यंत असू शकतो. ज्या पालनकर्त्याने धर्माचा आधारस्तंभ असलेली नमाज तिच्यावरून उचलून घेतली, त्याच्या दासांनी आपापल्या मागण्या तिच्यावर लादाव्यात हे शोभते काय? या काळात दुआ आणि जिक्र यांची दारे तिला उघडी आहेत. हेही तिला प्रेमाने सांगावे.

माणूस मेंढीहून कोठे वेगळा आहे

येथे एक सावधगिरी हवी. मेंढीचे सर्व नियम माणसाला लागू होत नाहीत. मेंढी आणि कोकरू यांची जन्मल्याबरोबर ताटातूट झाली आणि काही तास गेले, तर तिची ओढ विझू लागते. माणसाच्या आईची गोष्ट अशी नाही. शस्त्रक्रियेने प्रसूत झालेली, जिचे बाळ काचेच्या पेटीत ठेवावे लागले अशी, किंवा आजारामुळे बाळाला आठवडाभर कुशीत घेऊ न शकलेली माता पुढे तितकीच जिव्हाळ्याची आई होते. तिने घाबरण्याचे कारण नाही.

याहून मोठा फरक नैतिक आहे. मेंढीला गंध पटला नाही तर ती पाजत नाही. ओढ नाही तर कृतीही नाही. तिला त्याचा जाबही द्यावा लागणार नाही. पण जिच्या मनात काहीच उमटत नाही अशी एक मुलगी रात्री तीन वाजता बाळाच्या रडण्याने उठते, थकलेल्या हातांनी त्याला उचलते, पाजते, कोरडे करते आणि पुन्हा निजवते. तिला आत ओलावा जाणवत नाही, म्हणून ती स्वतःला ढोंगी समजते. हे ढोंग खचितच नव्हे. निफाक म्हणजे जे करायचे नाही ते करत असल्याचा देखावा. ही मुलगी तर जे करायचे आहे तेच करते आहे, फक्त भावनेच्या मदतीवाचून. नियत आणि कृती ही दोन्ही तिच्यापाशी आहेत. भावना अल्लाहच्या हाती आहे. सूरह बकराच्या अखेरीस कोणावरही त्याच्या शक्तीपलीकडे भार नसल्याचा जो दिलासा आहे, तो तिलाही लागू आहे. प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडते. ममतेची भावना ही देणगी आहे, तिचा हिशेब मागता येत नाही. पाजणे, जपणे, उठून बसणे हे कर्तव्य आहे आणि भावना नसताना ते पार पाडणाऱ्या मातेचा सवाब कमी नसून, तिने सोसलेल्या कष्टाच्या मानाने अधिकच असण्याची आशा धरावी.

कोणी म्हणेल की आपल्या दहा मुलांपैकी एकाचेही चुंबन न घेतलेल्या अकरा बिन हाबिस यांना तर प्रेषितांनी सुनावले होते. जो दया करत नाही त्याच्यावर दया केली जात नाही, असा त्या हदीसचा आशय आहे. खरे आहे. पण तेथे प्रसंग वेगळा होता. त्या सरदाराच्या बोलण्यात कोमलतेला कमी लेखण्याचा सूर होता. चुंबन घेणे त्यांच्या हाती होते आणि त्यांनी ते घेतले नव्हते. आपल्या मनात माया का येत नाही म्हणून रडणाऱ्या मुलीला ती हदीस ऐकवणे म्हणजे औषध भलत्याच रोग्याला पाजणे होय. तिचे ते रडणे हीच तिच्यातील दयेची खूण आहे.

मेंढी परक्या कोकराला धडक देते. पोरके कोकरू दुसऱ्या मेंढीला लावायचे असेल, तर कित्येक देशांतील मेंढपाळ तिच्या मेलेल्या कोकराचे कातडे त्याच्या अंगावर चढवतात आणि गंधाने तिला फसवतात. माणसाला असे फसवावे लागत नाही. ह. हलीमा सादिया (र.) यांनी पोटी न जन्मलेल्या अनाथ बालकाला दूध पाजले आणि इस्लामने दुधाच्या नात्याला विवाहाच्या बाबतीत रक्ताच्या नात्याइतका मान दिला. गंधाच्या सीमेपलीकडे जाणारी ही दया आपल्याला शक्य आहे. मग घरात आलेली सून, जी कोणाची तरी लेक आहे, तिला आपण कळपातील परक्या कोकरासारखी धडक का द्यावी?

घरच्यांची कर्तव्ये

सूरह बकरामध्ये दूध पाजण्याचे नियम सांगताना मातेचे अन्न आणि वस्त्र यांचा भार पित्यावर टाकला आहे आणि मातेला तिच्या मुलामुळे त्रास दिला जाऊ नये, असेही बजावले आहे. तेव्हा पतीने केवळ खर्च देऊन मोकळे होऊ नये. रात्री एकदा तरी बाळ आपण घ्यावे, म्हणजे तिला सलग झोप मिळेल. भेटायला येणाऱ्यांची गर्दी आवरावी. सासूबाईंनी, नणंदेने, जावेने ‘आमच्या वेळी’ या शब्दांनी सुरू होणारी वाक्ये काही दिवस बाजूला ठेवावीत. त्यांचे बाळंतपण पहिले नाही. तिचे पहिले आहे. अनुभवी मेंढी धुतलेल्या कोकरालाही ओळखते, हे विसरू नये.

प्रसूतीनंतर पहिल्या काही दिवसांत उगाच रडू येणे, मन हळवे होणे पुष्कळ जणींना होते आणि ते ओसरते. परंतु उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप व भूक हरपली, बाळाविषयी काहीच वाटेनासे झाले, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर तिला एकटी न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. प्रेषितांनी औषधोपचार करण्याचा आदेश दिला आहे. दुआ करावी, कुरआन पढावे आणि औषधही द्यावे. यांत विरोध नाही.

दयेचा तो एक अंश आजही उतरत आहे. काहींच्या हृदयात तो बाळाच्या पहिल्या रडण्याबरोबर येतो, काहींच्या हृदयात चाळीस दिवसांनी, तर काहींच्या त्याहूनही उशिरा. तो येईपर्यंत घरातील इतरांनी आपापल्या वाट्याची दया त्या आईला द्यावी. अल्लाह आपल्या घरांतील नव्या मातांची हृदये बळकट करो, त्यांचे डोळे त्यांच्या लेकरांनी निववो आणि आम्हांला त्यांच्याशी मेंढपाळाच्या धीराने वागण्याची सद्‌बुद्धी देवो. आमीन.